मानवी हक्क आयोगाची सेवा, सोलापुरातून वापरताना: कागद बिनपक्षी ठेवा, पाठपुरावा तसा ठेवू नका

सोलापुरात पूनम गेटसमोर आंदोलनाचा मांडव पडला की दोन तासांत निवेदन टाईप होऊन येते. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक पोलीस आयुक्तांना, एक पालकमंत्र्यांना आणि सगळ्यांत खाली 'प्रत माहितीस्तव: मा. अध्यक्ष, मानवी हक्क आयोग'. लिहिणाऱ्याला वाटते, आयोगात तक्रार गेली. प्रत्यक्षात ती गेलेली नसते. दुसऱ्याच्या नावाने लिहिलेल्या कागदाची नुसती नक्कल आली तर ती तक्रार म्हणून धरायची नाही, असा राष्ट्रीय आयोगाचा निकषच आहे. सोलापूरकडून होणाऱ्या चुकांत ही पहिल्या नंबरची, आणि टाळायला सर्वांत सोपी. कागद थेट आयोगाच्या नावाने लिहायचा, बाकीच्यांना हव्या तेवढ्या प्रती पाठवायच्या.

हे परीक्षण आयोगाच्या सेवेचे आहे. वस्तू विकत घेताना जसे पाहतो तसेच: मिळते काय, लागते काय, बिघडते कुठे. वकील लागत नाही, कोर्ट फी स्टॅम्प लागत नाही, मराठीत लिहिलेले चालते. तक्रार घेण्याच्या टप्प्याला पाचपैकी चार गुण. चौकशीला अडीच. शिफारस झाल्यावर ती अंमलात येण्याला दीड, आणि तोही अर्धा गुण पाठपुरावा करणाऱ्या माणसाचा. हे आकडे असे का उतरतात, त्याचे उत्तर 'मानवी हक्क हा राजकीय विषय आहे का' या जुन्या वादात सापडते. पण आधी वापर कसा करायचा ते.

दारे दोन आहेत. कायदा एकच, मानवी हक्क संरक्षण अधिनियम १९९३ चा. त्याच कायद्याखाली दिल्लीचा राष्ट्रीय आयोग १२ ऑक्टोबर १९९३ रोजी स्थापन झाला आणि मुंबईचा राज्य आयोग २००१ पासून कामाला लागला. कुठे जायचे हे रागावर ठरवू नये, विषयावर ठरवावे. राज्य आयोगाला राज्यघटनेच्या राज्यसूची आणि समवर्ती सूचीतले विषयच पाहता येतात. म्हणजे शहर पोलीस, ग्रामीण पोलीस, महापालिका, जिल्हा परिषद, जिल्हा कारागृह, सिव्हिल हॉस्पिटल यांची तक्रार मुंबईला. रेल्वे हा केंद्राचा विषय. सोलापूर हे रेल्वेचे विभागीय मुख्यालय असल्याने इथे हे वारंवार चुकते: आरपीएफच्या, म्हणजे केंद्राच्या रेल्वे सुरक्षा दलाच्या, जवानाने फलाटावर मारहाण केली तर ती तक्रार दिल्लीला जाते, रेल्वे पोलिसांनी म्हणजे जीआरपीने केली तर मुंबईला, कारण जीआरपी राज्याचे. वर्दी नीट पाहून ठेवा. सैन्यदलाविरुद्धची तक्रार राष्ट्रीय आयोगाकडेच, आणि तिथेही कलम १९ मुळे आयोग फक्त केंद्र सरकारकडून अहवाल मागवू शकतो, स्वतः तपास करू शकत नाही.

दोन्हीकडे एकदम पाठवू नका. कलम ३६ प्रमाणे एका आयोगापुढे विषय असेल तर दुसरा त्यात हात घालत नाही. दोन्हीकडे टाकलेला अर्ज दोन्हीकडे लोंबकळतो, आणि 'तिकडे प्रलंबित आहे काय' एवढे विचारण्यातच महिने जातात.

त्याच कलमाचा दुसरा भाग त्याहून कडक आहे: घटना घडल्यापासून एक वर्ष. वर्ष उलटले की आयोगाचे हात बांधलेले. ही मुदत आयोगाला बाजूला ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने धौंडियाल प्रकरणात २००३ साली स्पष्ट केले. 'आधी पोलीस ठाण्यात बघू, मग आयुक्तांकडे, मग आयोग' या पायऱ्या चढण्यात अकरा महिने सहज निघून जातात. पायऱ्या चढाव्यात, पण आयोगाचा अर्ज पहिल्या महिन्यातच टाकून.

आता काय चालते आणि काय चालत नाही. कायद्यातल्या व्याख्येनुसार मानवी हक्क म्हणजे जीवित, स्वातंत्र्य, समानता आणि प्रतिष्ठा यांच्याशी निगडित असे हक्क, जे राज्यघटनेने दिले आहेत किंवा आंतरराष्ट्रीय करारांत आहेत आणि भारतातली न्यायालये अंमलात आणू शकतात. त्या हक्काचे उल्लंघन लोकसेवकाने केलेले असले पाहिजे, किंवा उल्लंघन होत असताना ते रोखण्यात त्याने हयगय केलेली असली पाहिजे. ही 'हयगय' फार उपयोगाची आहे, आणि लोक नेमकी तीच विसरतात. शेजाऱ्याने मारले ही आयोगाची तक्रार नव्हे. शेजाऱ्याने मारले, ठाण्यात तीन वेळा गेलो, गुन्हा घेतला नाही, चौथ्या दिवशी पुन्हा मारले, ही आहे.

यंत्रमागावरच्या कामगाराची थकलेली मजुरी, बिडीच्या पानात किंवा तंबाखूत मारलेली कट, भविष्य निर्वाह निधी न भरणे, हे सगळे कामगार वाद म्हणून परत येते. त्यासाठी सहायक कामगार आयुक्त आणि पीएफ कार्यालय. नोकरीतली बदली, बढती, पेन्शनची थकबाकी, शेताचा बांध, घराचा व्यवहार, तेही परत. मात्र एक विषय कामगारांचा दिसत असूनही आयोगाचा आहे, आणि सोलापूर जिल्ह्यात तो दर गळीत हंगामात उभा राहतो: वेठबिगारी.

ऊसतोडीची टोळी मुकादमाकडून उचल घेऊन येते. हंगाम संपतो, उचल 'फिटलेली' नसते, आणि मुकादम माणसे अडवून ठेवतो. कधी पोरगे ठेवून घेतो, कधी बैलजोडी, कधी आधार कार्डे. पोलीस ठाण्यात गेल्यावर उत्तर मिळते, 'पैशाचा व्यवहार आहे, दिवाणी बाब आहे.' ती दिवाणी बाब नाही. वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम १९७६ प्रमाणे आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाला काम सोडून जाण्याची मुभा नाकारणे हीच वेठबिगारी, आणि हा कायदा राबवण्याचे अधिकार व जबाबदारी जिल्हा दंडाधिकाऱ्यांमार्फत येते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना आणि त्याच दिवशी आयोगाला, असे दोन स्वतंत्र अर्ज करा. मागणीत 'न्याय मिळावा' असे लिहू नका. 'प्रांताधिकाऱ्यांमार्फत जागेवर चौकशी करून मुक्ततेचा दाखला द्यावा आणि तातडीची मदत द्यावी' असे लिहा. तो दाखला हा सगळ्या पुनर्वसनाचा पाया आहे. केंद्राच्या योजनेत ३० हजार रुपयांपर्यंत तातडीची रक्कम आणि पुढे वर्गवारीप्रमाणे १, २ किंवा ३ लाख रुपये आहेत. माणसे गावी पोचवून दिली आणि दाखला दिलाच नाही, असे झाले तर पुढच्या हंगामात तीच टोळी त्याच मुकादमाकडे परत जाते. अर्जात टोळीतल्या प्रत्येकाचे नाव, वय, गाव, उचलीची रक्कम, कोणत्या कारखान्याच्या हद्दीत, कोणाच्या फडात, आणि शक्य असल्यास फोनवरून घेतलेले लोकेशन द्या. 'माळशिरस तालुक्यात कुठेतरी' एवढ्यावर तहसीलदार हलत नाहीत.

ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरवलेल्या कामगाराचा मृत्यू हाही थेट आयोगाचा विषय. ठेकेदाराचा माणूस होता, महापालिकेचा नव्हता, हे उत्तर ठरलेले असते. ते पुरेसे नाही, कारण अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ३० लाख रुपये केली आहे. त्याआधी २०१४ चा निकाल १० लाखांचा होता आणि जुनाच आकडा पुढे करण्याची सवय अजून गेलेली नाही. अर्जात निकालाची तारीख आणि रक्कम दोन्ही लिहा.

अर्ज एक पान, फार तर दीड. सुरुवातीला पीडिताचे पूर्ण नाव, पत्ता, फोन. दुसऱ्याच्या वतीने करत असाल तर तुमचे नाते किंवा संबंध. कायद्याने हे चालते. मग घटना: तारीख, वेळ, ठिकाण, कोण होते. पोलिसाचे नाव माहीत नसेल तर छातीवरची पट्टी, हुद्दा, बक्कल नंबर, गाडीचा नंबर, यांतले जे असेल ते. मग कोणता हक्क मोडला ते एका वाक्यात. मग आजवर कुठे तक्रार केली, तिचा आवक क्रमांक. मग 'हा विषय कोणत्याही न्यायालयात प्रलंबित नाही' हे वाक्य, ते खरे असेल तरच. शेवटी मागणी, क्रमांक घालून. निनावी अर्ज, टोपणनावाचा अर्ज आणि 'सोलापुरात सगळीकडे अन्याय चालू आहे' असा मोघम अर्ज हे तिन्ही पहिल्याच छाननीत जातात.

नमुना म्हणून घटनेचा परिच्छेद असा असावा: 'दिनांक अमुक रोजी रात्री ११.४० वाजता अमुक चौकातून माझ्या मुलास दोन साध्या वेशातील पोलिसांनी मोटारसायकलवर नेले. अटक पंचनामा केला नाही, आम्हाला कळवले नाही. दुसऱ्या दिवशी व तिसऱ्या दिवशी तो ठाण्यातच होता. तिसऱ्या दिवशी सायंकाळी ५ वाजता अटक दाखवली.' यात विशेषण एकही नाही. 'अमानुष', 'हिटलरशाही', 'कुणाच्या तरी राजकीय इशाऱ्यावरून' यांतले काहीही घातले की चौकशी अधिकाऱ्याला उत्तर देणे सोपे होते. तो राजकीय इशारा नाकारतो आणि तीन दिवसांचा विषय तसाच राहतो. पक्षाच्या लेटरहेडवर अर्ज करू नये तो याच कारणाने. आयोग तो फेकून देत नाही, पण समोरचे कार्यालय 'राजकीय हेतूने प्रेरित' हा शिक्का मारायला टपलेलेच असते.

ऑनलाइन करायचे तर एचआरसीनेट हे पोर्टल आहे, राष्ट्रीय आयोगाची मदतवाहिनी १४४३३. टपालाने पाठवायचे तर राज्य आयोगाचे कार्यालय मुंबईत हजारीमल सोमाणी मार्गावर, सीएसएमटी स्थानकासमोर, पिन ४००००१. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झाले आहे. खिडकीवर पोच मागून घ्या आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. प्रकरण क्रमांक मिळाला की तोच पुढच्या प्रत्येक कागदाच्या डोक्यावर. क्रमांक न घालता पाठवलेले स्मरणपत्र नवा अर्ज म्हणून नोंदले जाण्याचा धोका असतो, आणि मग आपलाच अर्ज आपल्याच अर्जाच्या आड येतो.

आता पुराव्याचे. इथे वेळ दिवसांत नाही, तासांत मोजायची. कोठडीत मारहाण झाली असेल तर पहिली संधी अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे त्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीला मिळायला हवी. मागितल्याशिवाय कुणी देत नाही. दुसरी संधी दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करतानाची, जी प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत यायला हवी. 'पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का' असे तिथे विचारले जाते. भीतीने 'नाही' म्हटले की ते रोजनाम्यात उतरते आणि आयोगापुढचा अर्ज तिथेच निम्मा होतो. वकील किंवा नातेवाईक यांनी हे आधी सांगून ठेवलेले बरे. जामीन झाल्या झाल्या सिव्हिलला जाऊन एमएलसी, म्हणजे जखमांची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करून घ्या, जखमेचे फोटो तारखेसह काढा.

तिसरा पुरावा सीसीटीव्ही. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि शक्यतो १८ महिन्यांचा साठा सांगितला, कमीत कमी १ वर्षाचा. कोठडीतल्या गंभीर दुखापतीची तक्रार आली की राज्य आयोग फुटेज मागवू शकतो, असेही त्याच निकालात आहे. कागदावर इतके भक्कम. प्रत्यक्षात 'त्या दिवशी कॅमेरा बंद होता' हे वाक्य इतक्यांदा ऐकू येते की कॅमेऱ्याचीच वेगळी तक्रार करावी. म्हणून अर्जाच्याही आधी, त्याच दिवशी, ठाणे प्रभारी आणि पोलीस आयुक्त (तालुक्यात असाल तर पोलीस अधीक्षक) यांना एक छोटे पत्र द्या: अमुक तारखेचे, अमुक ते अमुक वेळेचे, लॉकअप, प्रवेशद्वार आणि मागील व्हरांडा या कॅमेऱ्यांचे चित्रण जतन करावे. ईमेलही करा. पुढे चित्रण नाही म्हटले तर निदान ते मागितले होते हे सिद्ध होते, आणि आयोग त्यावरून प्रतिकूल अर्थ काढू शकतो.

कोठडीत मृत्यू झाला तर राष्ट्रीय आयोगाला २४ तासांत कळवण्याचे बंधन प्रशासनावर १९९३ पासून आहे, आणि शवविच्छेदनाच्या चित्रीकरणाची सूचना १९९५ पासून. चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांची असते, नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९६. नातेवाइकांनी तीन कागद लेखी मागायचे: पंचनाम्याची प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल, चित्रणाची प्रत. अंत्यविधीची घाई करायला लावली जाते. सोलापुरात ज्यांच्याकडे दफनाची रीत आहे त्यांना दुसऱ्या शवविच्छेदनाचा रस्ता निदान उघडा राहतो, दहन झाले की तो बंद.

चौकशीचा टप्पा असा चालतो. आयोग अर्ज वाचून संबंधित खात्याकडून अहवाल मागवतो. पोलिसांविरुद्धच्या अर्जावर अहवाल पोलिसच देतात. तो बहुतेक वेळा साच्यातला असतो: अर्जदार गुन्हेगारी प्रवृत्तीचा आहे, आरोप निराधार आहेत, अर्ज निकाली काढावा. मग आयोग त्या अहवालाची प्रत अर्जदाराला पाठवून त्याचे म्हणणे मागतो, मुदत देतो. पूर्ण प्रक्रियेतला हा सर्वांत महत्त्वाचा कागद आणि सर्वांत जास्त अर्ज इथेच मरतात. पत्ता बदललेला असतो, पत्र शेजाऱ्याकडे पडते, किंवा इंग्रजी अहवाल बघून माणूस गांगरतो आणि उत्तर देत नाही. उत्तर आले नाही की अर्जदाराला काही म्हणायचे नाही असे धरून प्रकरण बंद होते. उत्तर देताना पूर्ण कहाणी पुन्हा सांगू नका. अहवालाचा परिच्छेद क्रमांक घ्या, त्यासमोर तुमचा एक कागद ठेवा. 'परिच्छेद ४ मध्ये अटक १४ तारखेची म्हटली आहे, पण सिव्हिलचा केसपेपर १३ तारखेचा असून त्यावर पोलीस शिपायाची सही आहे.' अशा एका ओळीने जे होते ते दहा पानांनी होत नाही.

सुनावणी लागली तर मुंबईला जावे लागते. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी थेट सीएसएमटीला सोडते, कार्यालय समोरच. सोलापूरकरांसाठी हा एक खरा फायदा. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास निघून दुपारी साडेबाराच्या आसपास पोचते, म्हणजे सकाळच्या सत्रासाठी निरुपयोगी. रोजंदारी बुडवून, तिकीट काढून गेल्यावर तारीख पुढे गेल्याचे कळणे ही या सेवेतली सर्वांत महाग गोष्ट आहे. निघण्याआधी आदल्या दिवशी फोन करून विचारा.

एक सावधगिरी मध्येच सांगायला हवी. नावात 'मानवाधिकार' असलेल्या, लाल-निळ्या रंगाचे ओळखपत्र देणाऱ्या, गाडीवर पाटी लावायला देणाऱ्या आणि 'जिल्हाध्यक्ष' पदासाठी पैसे घेणाऱ्या संघटनांचा आयोगाशी काहीही संबंध नसतो. राष्ट्रीय आयोगाने सारख्या नावांबाबत वेळोवेळी इशारे दिले आहेत. आयोगाला जिल्हाध्यक्ष नसतात. असे कार्ड दाखवून कुणी ठाण्यात 'सेटल' करून देतो म्हणाला तर तो तुमचा विषय विकतो आहे.

इथवर सल्ला एकच आहे: अर्जातून पक्ष, नेता, झेंडा बाहेर ठेवा. त्यावरून मानवी हक्क हा राजकीय विषय नाही असे अनुमान काढले तर मात्र पुढच्या टप्प्यावर फसगत होते. भारताने १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारलेल्या दोन आंतरराष्ट्रीय करारांपैकी एकाचे नावच 'नागरी आणि राजकीय हक्क' असे आहे. आणि सोलापूरला हे शिकवायला करारही नकोत. मे १९३० मध्ये या शहरावर मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. सरकारच्या दप्तरी तो कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न होता. इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवून सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या, रोज हजेरी देणाऱ्या जमातींचा प्रश्नही दप्तरी 'गुन्हे प्रतिबंधा'चाच होता. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या विमुक्त झाल्या, तो संसदेने घेतलेला राजकीय निर्णय होता. (त्याच वस्त्यांतल्या पोरांना आजही चोरी झाली की पहिल्यांदा उचलतात. तुरुंगातल्या जातिभेदावरच्या ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींच्या मनमानी अटकेबद्दलही बजावले आहे. अर्जात ती तारीख घाला.)

आयोगाचा सांगाडा पाहा म्हणजे दीड गुण का ते कळेल. राज्य आयोगात अध्यक्ष आणि दोन सदस्य, अशी तीन माणसे, जिल्हे ३६. त्यांची निवड करणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, गृहमंत्री, विधानसभा अध्यक्ष, विधान परिषदेचे सभापती आणि दोन्ही सभागृहांतले विरोधी पक्षनेते. आपल्याकडे मुख्यमंत्री आणि गृहमंत्री कधी कधी एकच माणूस असतो. समितीतली एखादी जागा रिकामी असली तरी नेमणूक अवैध ठरत नाही, असे कायदाच म्हणतो. सचिव राज्य सरकार देते, तपासाचे पोलीस राज्य सरकार देते, पैसा विधिमंडळाच्या मंजुरीने राज्य सरकार देते. दिल्लीतही हाच नमुना. सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे २०१२ ते २०१४ केंद्रीय गृहमंत्री होते, तेव्हा तेही पदसिद्ध म्हणून त्या निवड समितीत होते. २०१९ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय अध्यक्षपद माजी सरन्यायाधीशांपुरते न ठेवता सर्वोच्च न्यायालयाच्या कोणत्याही माजी न्यायाधीशाला खुले झाले आणि कार्यकाल पाचवरून तीन वर्षांवर आला. १ जून २०२४ रोजी अध्यक्षाची मुदत संपली. नवे अध्यक्ष व्ही. रामसुब्रमणियन यांनी ३० डिसेंबर २०२४ रोजी पदभार घेतला, आणि त्या निवडीवर राहुल गांधी आणि मल्लिकार्जुन खर्गे यांनी असहमतीची टिपणी लिहिली. जगभरच्या आयोगांना दर्जा देणाऱ्या मंडळाने २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे आपल्या आयोगाचा 'अ' दर्जा नक्की करणे लांबणीवर टाकले. हरकतींत तपासाला पोलीस अधिकारी बसवणे हीही एक होती. पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांनी तपासायची, हे सोलापूरच्या अर्जदाराला ठाण्याच्या पायरीवरच कळलेले असते.

आयोग भरपाई सुचवतो, कारवाई सुचवतो, खटला सुचवतो. शब्द 'शिफारस' हाच आहे. सरकारने एका महिन्यात, किंवा आयोग वाढवून देईल त्या मुदतीत, काय केले ते कळवायचे. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ५ फेब्रुवारी २०२१ रोजी या शिफारशी सरकारवर बंधनकारक असल्याचा निर्वाळा दिला. महाराष्ट्रात तो निकाल बंधनकारक नाही, पण युक्तिवादात दाखवता येतो. नुसत्या शिफारशीवर अवलंबून राहिले तर काय होते आणि न्यायालयात गेले तर काय होते, याचे उदाहरण परभणीचे. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीतल्या तरुणाचा मृत्यू झाला, मारहाण झालीच नाही असे विधानसभेत सांगितले गेले, दंडाधिकारी चौकशी झाली, आयोगाच्या नोटिसा निघाल्या. पण गुन्हा नोंदवण्याचा आदेश जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने दिला, तोही आईने लढल्यावर, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

म्हणून आयोगाबरोबर इतर खिडक्याही उघड्या ठेवा. जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतली व्यक्ती आणि कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाल्याने सोलापूरची रिट याचिका आता तिथे जाते. माहिती अधिकारात जीवित किंवा स्वातंत्र्याशी निगडित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. अर्जावर 'कलम ७(१) परंतुक' असे ठळक लिहा, नाहीतर तो तीस दिवसांच्या ढिगात जातो. कलम ३० खालचे जिल्ह्याचे मानवी हक्क न्यायालय मात्र नावापुरते समजा: कोणते गुन्हे तिथे चालवायचे हे कायद्याने सांगितलेलेच नाही.

आणि शिफारस हातात पडली की ज्या राजकारणाला अर्जातून बाहेर ठेवले, त्याला दार उघडा. कलम २८ प्रमाणे आयोगाचा वार्षिक अहवाल, न स्वीकारलेल्या शिफारशींच्या कारणांसह, विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. जिल्ह्यात ११ आमदार आहेत. त्यांच्यातल्या ज्याला गाठता येईल त्याला, सत्तेतला असो वा विरोधातला, मोर्चाला बोलावण्याऐवजी आदेशाची प्रत आणि तारांकित प्रश्नाचा तयार मसुदा द्या. टाईप करूनच न्या, असा:

(१) महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाने प्रकरण क्रमांक अमुक मध्ये दिनांक अमुक रोजी सोलापूर येथील पीडितास रुपये अमुक भरपाई देण्याची शिफारस केली आहे, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, उक्त शिफारशीवर शासनाने एका महिन्याच्या मुदतीत आयोगास कोणता अहवाल पाठविला आहे;
(३) उक्त रक्कम संबंधित अधिकाऱ्यांच्या वेतनातून वसूल करण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?